आबांच्या बंदुकीची चकाकी

आता सांगतेच. हसायचं तेवढं हसा, पण चहा सांडू नका. शाळेची पायरी न चढता मी वाचायला शिकले, बंद पडलेलं घड्याळ चालू केलं, अडलेली म्हैस सोडवली. अशा बाईनं एका बंदुकीपुढं कशी माती खाल्ली, ते ऐका.

स्वातंत्र्य नवं होतं, मीही सासरी नवी होते. साक्रीकडं आमचं कोरडवाहू रान. भुईमुगात रोही, म्हणजे नीलगाई, शिरायचे, म्हणून माझे सासरे, आबा, परवान्याची बंदूक घेऊन राखणीला जायचे. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला त्यांनी सुताराकडून लाखेचं पॉलिश करून घेतलेलं. त्यात बघून कुंकू लावावं असा आरसा! घरी आले की रोज सांगायचे, "दस्ता चमकना, आनि रोही पळनात."

मला वाटलं, बिचारे आबा! त्या चमकेनंच शिकार हातची जाते.

खंडेनवमी आली. हत्यारं पुजायची, त्याआधी बायकांनी ती घासूनपुसून द्यायची, ही रीत. त्या वर्षी परवाने तपासायला आलेले फौजदार आमच्याकडेच मुक्कामाला होते. त्यांनीही आपली तशीच चकचकीत दस्त्याची बंदूक पूजेला दिली. मी पडवीत कोयते, विळे आटोपले आणि बंदूक मांडीवर घेतली. बारीक काचकागद लाकडाच्या रेघेनं फिरवला. मग विटेची वस्त्रगाळ भुकटी जवसाच्या तेलात कालवून फडक्यानं घोटत बसले. आरसा गेला. खालून लाकूड असं मऊ, मंद उजळलं, जसा वर्षानुवर्षं वापरलेला पोळपाट. माझ्यावरच मी खूश.

दसऱ्याला पूजा उचलली. फौजदारांनी चकचकीत बंदूक आपली म्हणून खांद्याला लावली आणि मंद दस्त्याची आबांच्या परवान्याशी ताडून पाहिली. त्यांचा चेहराच बदलला.

"आबा, हा नंबर परवान्यात नाही. ही बंदूक कुठून आणली?"

आबांना घाम फुटला. बिनपरवान्याची बंदूक म्हणजे आबा तुरुंगात आणि भुईमूग रोह्यांच्या पोटात! दाराआडून मी पाहते तर काय, फौजदारांच्या खांद्यावर नळीला काळा दोरा लोंबतोय. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी बांधलेला! दस्ता घोटायच्या नादात मी नळीकडं पाहिलं होतं कुठं?

पदर सावरला आणि पुरुषांत जाऊन उभी राहिले. "साहेब, ती तुमचीच आहे. आमची तुमच्या खांद्यावर आहे."

फौजदारांनी नंबर वाचला. लालबुंद झाले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आबा पुढं झाले, "मीच सांगेल व्हतं तिले. काय बोलनं ते माले बोला."

आबांनी मला काडीचंही सांगितलं नव्हतं हो! बापानंसुद्धा मला कधी असं पाठीशी घातलं नव्हतं. ते उपकार मी अजून विसरले नाही.

फौजदारांनी दस्ता गालाला लावून नेम धरून पाहिला. दोनदा पाहिला. "आधी डोळ्यांवर चमक यायची. हे बरं झालं," म्हणाले, आणि परवान्यावर सही केली.

ते गेल्यावर माझी मान ताठ झाली. म्हटलं, "आबा, द्या, आता आपलीही घोटून देते."

आबांनी बंदूक छातीशी धरली. "नको वो पोरी. रोही मारवानी शे का माले? गायच शे ती. चमक दखीसन पळतस, म्हनीसन तर पॉलिश करेल शे."

घ्या! रानातल्या रोह्यांना जे कधीच कळलं होतं, ते एवढ्या हुशार सुनेला आबांना समजावून सांगावं लागलं.