तिसरा रकाना

"कुठून? कुठे?"

अडलेलं काम घेऊन तिच्या टेबलाशी गेलं की ती आधी एवढंच विचारायची. मग कीबोर्ड बाजूला सारून वहीत बाण काढायची.

असं एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमचं ऑफिस अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत. ती जवळच्याच जुन्या गावठाणातली, डब्यात तिथल्या ईस्ट इंडियन घरांतल्या बॉटल मसाल्यातले बोंबील. सगळे तिला ताई म्हणायचे. आम्ही एका रक्तपेढीसाठी ग्राफ डेटाबेस बनवत होतो. दाते एका यादीत, रुग्ण दुसरीत आणि कोणाचं रक्त कोणाला गेलं ते बाण तिसरीत. या बाणांच्या यादीला एज कलेक्शन म्हणतात, आणि बाणांनी जोडलेल्या सगळ्या जाळ्याला ग्राफ.

"बाण उलटा काढलास तर रुग्णाने दात्याला रक्त दिलं असं होईल रे, शहाण्या!"

वहीत तीन रकाने होते: कुठून, कुठे, कोणी बनवलं. तिसऱ्याचा नियम कडक. "अंदाजाने कुणाचं नाव घ्यायचं नाही. ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं."

डेमोच्या दिवशी, रक्तपेढीची माणसं समोर बसलेली असताना, ग्राफ बनेचना. पडद्यावर लाल अक्षरं: हे एज कलेक्शन दुसऱ्या ग्राफमध्ये वेगळ्या व्याख्येने वापरलेलं आहे. आदल्या दुपारी आमच्या साहेबांनी, कुणाला न विचारता, उलट्या बाणांचा एक ग्राफ बनवून बघितला होता. तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

साहेब हसून पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या ताईंचं आता वय झालंय. होतं असं."

आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. ताईने पाच मिनिटांत तो उलटा ग्राफ शोधला, बाणांच्या यादीला धक्का न लावता फक्त तेवढाच काढून टाकला आणि खरा ग्राफ चालू करून दिला. मग वही उघडून विचारलं, "हा कोणी बनवला? कोणी पाहिलं का?"

साहेब मोबाइल बघत होते. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलो.

महिनाअखेरीला तिचं कंत्राट वाढवलं नाही. म्हणे, चुका वाढल्या. चुका! निर्लज्जपणाला काही सीमा?

लिफ्टपाशी मी म्हटलं, "ताई, मी बोलतो साहेबांशी."

"आता?" ती म्हणाली. "राहू दे रे. जेवलास का?"

परवा पुन्हा तीच लाल अक्षरं आली म्हणून तिची राहिलेली वही खणातून काढली. त्या दिवसाची ओळ सापडली. कुठून: रुग्ण. कुठे: दाता. तिसरा रकाना कोरा. तिने पाहिलं नव्हतं ना.

मी तिथे साहेबांचं नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत. वाचायला ताई नाही.