आरशाचा खांब

प्लायवूडचं एक खोकं मी खांब म्हणून मोजलं. तेही इमारतींची गणितं करण्यात तीस वर्षं घालवल्यावर.

नया बाजारातलं साड्यांचं दुमजली शोरूम बंद पडलं आणि एका समितीने तिथे सार्वजनिक वाचनालय करायचं ठरवलं. इमारतीला पुस्तकांचं वजन झेपेल का, याचा रिपोर्ट मला द्यायचा होता. खालच्या हॉलच्या मधोमध दोन चौकोनी खांब, चारही बाजूंनी आरसे लावलेले. मी त्यात बघून केस नीट केले, नकाशावर दोन खांब काढले आणि ‘ओके’ लिहून सही ठोकली.

वर पुस्तकांची कपाटं लागली. खाली अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी आधीच नावं नोंदवली होती.

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना ग्रंथपाल दिघेबाईंचा फोन आला. वरच्या कपाटांच्या सरकत्या काचा आपोआप हॉलच्या मध्याकडे सरकत होत्या. बाई रोज लावून जायच्या, सकाळी परत उघड्या.

मी सुतारावर तुटून पडलो. “रामसेवक, काम किया है या बेगार टाली है?”

“साहब, अलमारी सीधी है. फर्श देख लो.”

“अब तू मुझे फर्श सिखाएगा?”

त्याने लेव्हलची पट्टी जमिनीवर ठेवली. आतला बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला. मग खाली येऊन त्याने पहिल्या खांबावर हातोडीचा दांडा आपटला. ठक्क. दुसऱ्यावर आपटला. ढब ढब.

आरसा काढला. आत चार फळ्या आणि कोळ्याची जाळी.

शोरूमच्या जुन्या मालकाला मी फोनवर फाडूनच खाल्लं. तो शांतपणे म्हणाला, “अजी, एक खंभा अकेला जँचता नहीं था, तो जोड़ी बना दी. आपने पूछा कब?”

म्हणजे वरच्या मजल्याची तुळई दोन नव्हे, एकाच खांबावर टेकलेली. साड्यांच्या काळात ते खपून गेलं, कारण माल भिंतीलगत आणि मध्ये फक्त गादी अन् गिऱ्हाइकं. गिऱ्हाईक उठून घरी जातं. पुस्तकांचं कपाट जात नाही. आणि मी कपाटं लावायला सांगितली होती ती बरोबर मध्यात.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, “कार्ड बँट चुके हैं. चीफ गेस्ट को ऊपर मत ले जाइए, बस. बाद में देख लेंगे.”

“और नीचे जो बच्चे बैठेंगे? उनके सिर पर गिरेगा तब देखेंगे?”

“चिल्लाइए मत. ओके किसने लिखा था? दस्तखत तो आपके हैं.”

संताप झाला. सगळ्यात जास्त याचा, की माणूस खरं बोलत होता. मी तिथेच दुसरा रिपोर्ट लिहिला: माझा आधीचा रिपोर्ट चूक, इमारत वापरू नये. एक प्रत त्यांच्या हातात दिली, दुसरी दारावरच्या उद्घाटनाच्या बॅनरवर, बरोबर चीफ गेस्टच्या फोटोवर चिकटवली. अध्यक्ष महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढाच फायदा.

खाली टेकू लावले आणि पुस्तकं उतरवली. मीही ओझी वाहिली. कंबरेने रिपोर्ट दिला, तो ‘ओके’ नव्हता. खोक्याच्या जागी लोखंडी खांब आला, खाली त्याला नवा पाया. पुस्तकं तळमजल्यावर, मुलं वर. रामसेवकची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. उद्घाटन दोन महिने उशिरा झालं. तेव्हापासून मी खांब आधी ठोकतो, सही मागाहून.

उद्घाटनाच्या दिवशी हेच तत्त्वज्ञान मी पाहुण्यांना रंगवून सांगत होतो. मागे दिघेबाई उभ्या होत्या.

“कौतुक कसलं सांगताय?” त्या म्हणाल्या. “याच दुकानात बायका साधी सुती साडी घेताना आतला पदर उलगडून बघायच्या. तुम्ही अख्खी इमारत घडी न मोडता पसंत केलीत.”