नानांचे नाक आणि चौथे आचमन

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते नाना वझ्यांचे, म्हणजे त्यांच्या नाकाचे. बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळ मी त्यांचा भाडेकरू होतो. पाठशाळेतून निवृत्त झालेले हे संस्कृतचे शिक्षक प्रत्येक गोष्ट आधी हुंगत: भाजी, वर्तमानपत्र, नवा जावई. "जीभ खुशामतखोर असते रे बबुआ, नाक खरं बोलतं," असे म्हणत. मोबाइलला मात्र हात लावत नसत. "ज्याला वास नाही, ती कसली बातचीत?"

परतूरच्या शाळेत शिकलेला मी, आमच्या घरातला पहिला पदवीधर. कँट भागातल्या एका हॉटेलात कच्च्या नोकरीवर होतो. दिवाळीसाठी मोजक्याच बाटल्या काढलेली एक सिंगल माल्ट व्हिस्की आली आणि साहेब म्हणाले, "पाहुण्यांना तिची चव तू समजावायची. जमलं तर नोकरी कायम." दारूचा थेंबही मी कधी चाखला नव्हता. नमुन्याची छोटी बाटली घेऊन चोरासारखा नानांपुढे बसलो.

वाटले, घराबाहेर काढतील. त्यांनी बूच उघडून डोळे मिटले.

"नाना, तुम्ही?"

"पीत थोडाच आहे? देवसुद्धा नैवेद्याचा वासच घेतो. लिही. मनुका. जायफळ. होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख. आणि ही..." त्यांनी पुन्हा हुंगले. "पंचगंगा घाटावरच्या नावेची ओली फळी!"

मी उठलो तेव्हा म्हणाले, "उभा राहिलास की हडबडशील. आधी आचमन कर, मग बोल." दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे, म्हणजे ताईकडे, नागपूरला गेले. कार्यक्रमात मी खरोखरच हडबडलो. पुढचे सगळे त्यांना पत्राने कळवले:

"ती. नानांस सा. नमस्कार.

नोकरी कायम झाली. पण अपराध घडला. आचमन मी एकट्याने, पाण्याने करायचे होते, हे नंतर लक्षात आले. मी सगळ्या पाहुण्यांना व्हिस्कीचे करायला लावले. सगळे ती तळहातावर घेऊन तीनदा प्यायले, चौथ्यांदा त्यांनी ती ताटलीत सोडली. साहेबांचा चेहरा तुमच्या होळीच्या राखेसारखा झाला. देवाचे नाव मात्र मी एकदाही घेतले नाही.

मग जो तो आपला ओला तळहात हुंगू लागला. मी तुमची यादी वाचली. लखनौचे एक गृहस्थ ओरडले, 'अरे, इसमें तो सचमुच नाव की लकड़ी है!' साहेबांनीही हुंगले. आता दर वेळी असेच करायचे, असा त्यांचा हुकूम आहे.

मीही एक थेंब घेतला. जीभ 'वा वा' म्हणाली. मी तिचे ऐकले नाही. ताटल्यांतली व्हिस्की मोरीत ओतली, तुमच्या तुळशीला घातली नाही.

बिनवासाची बातचीत तुम्हाला चालत नाही, म्हणून पत्राच्या कोपऱ्याला थोडी व्हिस्की लावली आहे. ताईने डागाबद्दल विचारले तर शाई आहे म्हणावे."