स्कार्फच्या आतली माणसं

माझ्या मुलीने कुत्र्याचं पिल्लू आणलं ते हिंजवडीहून, स्कूटीवर, डब्याच्या पिशवीत घालून. तेव्हा कंपन्या नुकत्याच तिकडे जायला लागल्या होत्या आणि रस्ताभर वाळू-सिमेंटचे डंपर धावायचे. तिच्या ऑफिसमागच्या वाळूच्या ढिगावर ते एकटंच ओरडत होतं. चहाच्या टपरीवरच्या मावशी तिला म्हणाल्या, "न्या की ताई. त्याच्या आईला डंपरनं उडवलं. आता एकटंच हाय."

सकाळी ते मुलीच्या मांडीवरून उतरायला तयार नसे. संध्याकाळी तीच मुलगी दारात आली की किंचाळून सोफ्याखाली शिरे आणि तिथेच मुतून ठेवी. ती आधी चिडायची, मग फडकं घेऊन पुसायला बसायची. एकदा तिने त्याला ओढून बाहेर काढलं, तर ते हाताला चावलं. हातमोज्यामुळे दात लागले नाहीत, पण आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर रविवारी परत हिंजवडी." म्हणजे तोच रस्ता आणि तेच डंपर.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "या वयात जे दाखवाल ते त्याला आपलं वाटेल. सगळं दाखवा." मी कंबर कसली. कुकरची शिट्टी झाली, मिक्सर झाला, मग त्याला मांडीवर घेऊन रिक्षाने स्वारगेटला गेले. रिक्षावाले म्हणाले, "कुत्र्याला एसटी दाखवायला निघालात? दाखवा. सुट्टीत गावाला पाठवायचं असेल."

लाल गाड्यांकडे पिल्लू मजेत बघत होतं. तेवढ्यात सिग्नलला शेजारी दोन-तीन स्कूटी येऊन थांबल्या. डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. आपल्या पुण्यातल्या साध्यासुध्या मुली. पिल्लू ओरडत माझ्या पदरात शिरलं आणि थरथरत राहिलं.

माझी लेक रोज अशीच घरी येते, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की डॉक्टरांना सांगायचंही सुचलं नव्हतं. पिल्लाच्या लेखी संध्याकाळी येणाऱ्या त्या बाईला तोंडच नव्हतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर नागपूरकडच्या मुली भाड्याने राहायच्या. सकाळी पार्किंगमध्ये त्या स्कार्फ गुंडाळायच्या तेव्हा मी त्याला घेऊन तिथे बसायला लागले. "काकू, हा तर पाहूनच राहिला ना!" त्यातली एक म्हणाली आणि मुद्दाम सावकाश गुंडाळायला लागली. कपाळ गेलं, हनुवटी गेली, नाक गेलं. मग तिने सगळं परत सोडलं. पिल्लू मान तिरकी करून बघत होतं. दिसेनासं झालेलं माणूस आत तसंच असतं, हे ते इवलं डोकं माझ्यासमोर शिकत होतं. मी दोन मुलं वाढवली, पण कुणाला काही कळताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मुलगी आली ती स्कार्फ, गॉगल, हातमोजे, सगळ्यासकट दाराशी खाली बसली. पिल्लू सोफ्यापर्यंत मागे सरकलं, थांबलं, आणि मग पोट फरशीला घासत पुढे यायला लागलं. तिचा गुडघा हुंगला. मांडीवर चढलं. मग स्कार्फखाली नाक खुपसून भराभर चाटत सुटलं.

पेपरामागून आवाज आला, "हिंजवडी रद्द."

"अगं, सोड आता तो स्कार्फ, गुदमरशील," मी म्हणाले. ती हलेना, म्हणून मीच गाठ सोडली. तिचा सगळा चेहरा ओला होता.

"किती चाटलंय गं तुला!"

"त्याने नाही," ती म्हणाली. "उद्या रविवार म्हणून मी अख्खा रस्ता रडत आलेय. त्याला बरं कळलं."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. मला स्कार्फच दिसला होता.