वाढप्याची मुलगी बुफेला जाते

आमच्या घरात आजवर कोणीही स्वतःच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढून घेतलेलं नाही. हे वाचून कोणाला वाटेल, घरात नोकरचाकर असतील! तसं काही नाही. थोडी भातशेती, काजूची काही कलमं आणि एक म्हैस, एवढंच आमचं संस्थान. पण माझे बाबा आमच्या वाडीचे वाढपी आहेत. लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, पंगत बसली की खांद्यावर पंचा टाकून भाताचं भांडं उचलायचं ते बाबांनीच. आणि जो माणूस अख्ख्या वाडीला वाढतो त्याच्या घरात कोणी आपल्या हाताने वाढून घेतलं, तर ती बाबांना मानहानी वाटते.

बाबांचं एक शास्त्र आहे. पहिलं 'नको' म्हणजे रीत. दुसरं 'नको' म्हणजे लाज. तिसरं 'नको' तेवढं खरं. आणि तिसऱ्यानंतरही ते एक वडा वाढतातच, कारण (त्यांच्या मते) माणूस स्वतःच्या पोटाबद्दल चुकू शकतो.

या शास्त्रावर वाढलेली मी मुलगी. मला कोणी काही विचारलं की तोंडातून आधी 'नको' निघतं, मग विचार सुरू होतो. एकदा मावसबहिणीच्या लग्नात बाबा पलीकडच्या ओळीला वाढत होते आणि आमच्या ओळीला कोणी नवीनच गृहस्थ आले. त्यांनी माझं पहिलंच 'नको' खरं मानलं आणि पुढे गेले! त्या दिवशी मी लग्नाच्या मांडवातून उपाशी घरी आले आणि कच्चे पोहे खाल्ले.

हे सगळं सांगायचं कारण, सावंतवाडीच्या कॉलेजातून मी बीएस्सी झाले (आमच्या घरातली पहिलीच!) आणि मला कोल्हापूरला एमएस्सीला प्रवेश मिळाला. सोमवारी संध्याकाळपर्यंत तो पक्का करायचा होता. बाबांना शिक्षणाचं वावडं नव्हतं. मुलगी एकटी राहील याचीही भीती नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता.

"हिका थंय वाढतलो कोण?"

"बाबा, मी घेईन ना."

"तू? आग्रह केल्याशिवाय तू दुसरो वडो घेणस नाय. म्हयन्याभरात काडी होवन परत येतलंस."

आईने बाजू घेतली, मी रडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. शनिवारी माझा चुलतभाऊ दिनूदादा मुंबईहून आला. तो मोठ्या कंपनीत आहे आणि त्याला सगळं माहीत असतं (असं तो सांगतो). त्याने प्रकरण ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"काका, हॉस्टेलात आता सगळीकडे बुफे असतो. आपलं आपण घ्यायचं. उद्या मी तुम्हाला मालवणला नेतो. हवं तेवढं खायचं, कोणी वाढत नाही, कोणी विचारत नाही. ही तिकडे पोटभर जेवली तर पाठवा कोल्हापूरला. नाही जेवली तर नका पाठवू."



"चलात," ते म्हणाले.

आणि अशा रीतीने माझं सगळं भवितव्य एका दुपारच्या जेवणावर येऊन ठेपलं.

हॉटेल समुद्राला लागूनच होतं. दारावरच पाटी होती, 'हवं तेवढं खा'. गार हवेचं दालन, पांढरे टेबलक्लॉथ, आणि भिंतीलगत एक लांबलचक टेबल. त्यावर ओळीने झाकणांची चकचकीत भांडी, आणि प्रत्येक भांड्याखाली एक छोटी ज्योत. आईने ती बघून हात जोडले.

"खालती दिवो कित्याक लावलेलो आसा?"

"काकी, जेवण गरम राहायला," दादा म्हणाला.

"मगे ताज्याच कित्या करणत नाय?"

दादाने उत्तर देण्याआधीच त्याचा फोन वाजला. ऑफिसचा होता. "आलोच," म्हणत तो बाहेर गेला आणि किनाऱ्यावर येरझाऱ्या घालायला लागला. आता आत आम्ही तिघं: एक उमेदवार आणि दोन परीक्षक.

"उठ," बाबा म्हणाले. "तू घेतलंस, तू जेवलंस काय, मगे आमी. तवसर आमी हयसून बघतंव."

मी ताट घेऊन निघाले. आधी रांग होती. मागून एक बाई आल्या, त्यांच्याबरोबर लहान मूल होतं. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." त्यांच्या मागे एक आजी होत्या. त्यांना पुढे घातलं. मग एक धडधाकट तरुण आला. त्याला पुढे घालायचं काही कारण नव्हतं, पण तोवर मला सवय लागली होती! दहा मिनिटांनी मी सुरुवातीला होते त्याच्याही दोन माणसं मागे होते.

शेवटी एकदाची पहिल्या भांड्यापाशी पोचले. पलीकडे पांढरी टोपी घातलेला एक माणूस डाव घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तो मी घेण्याची वाट बघत होता. मी तो आग्रह करण्याची वाट बघत होते. बराच वेळ आम्ही दोघं असे एकमेकांसमोर उभे होतो. शेवटी त्यालाच दया आली.

"मॅडम, कोंबडी-वडे?"

"नको, नको," मी म्हणाले.

त्याने झाकण लावलं.

मी आत्ताच काय केलं, हे कळायच्या आत पुढचं भांडं आलं. "सुरमई?" "नको." "तिसऱ्यांचं सुकं?" "नको, राहू दे." "कोळंबी?" बाबांचं सगळं शास्त्र माझ्या जिभेवर बसलं होतं आणि समोरचा माणूस ते शास्त्र शिकलेलाच नव्हता! रांगेच्या शेवटी झाकण नसलेलं आणि माणूस नसलेलं एकच भांडं होतं, ते सॅलडचं.

मी टेबलापाशी परत आले तेव्हा माझ्या ताटात काकडीच्या चार चकत्या, लिंबाची एक फोड आणि एक पापड होता.

बाबांनी ताटाकडे बघितलं. "ह्या काय?"

"सुरुवात," मी म्हणाले.

"बाय माझे," आई म्हणाली, "सुरवात न्हय ही. ह्या उपवासाचा ताट आसा."

"झाला," बाबा म्हणाले. "उद्या कोल्हापूराक फोन करून सांग, येणय नाय म्हणान."

"बाबा, एक संधी द्या. शेवटची."

मी तशीच उलटी फिरले. यावेळी कोणाला पुढे घातलं नाही. डोळे मिटून (जवळजवळ) प्रत्येक भांड्यातलं मागून घेतलं. भात, सुरमई, कोळंबी, तीन वडे, कोंबडीचा रस्सा! दोन्ही हातांनी भरलेलं ताट धरून मी विजयी वीरासारखी परतत होते. टेबल पाच पावलांवर होतं. तेवढ्यात वाटेतल्या टेबलावर एकटेच बसलेले एक आजोबा दिसले. सांगलीकडचे असावेत. त्यांची मंडळी रांगेत होती आणि ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

"वा! वास छान सुटलाय गं," ते नुसतं म्हणाले. अगदी नुसतं!

पण मी शेवटी वाढप्याची मुलगी. माझे हात माझ्या परवानगीशिवाय पुढे झाले आणि ते ताट आजोबांच्या समोर गेलं.

मी बाबांसमोर रिकाम्या हातांनी येऊन उभी राहिले. आईने कपाळावर हात मारला. बाबा मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. ते आजोबांकडे बघत होते. थोड्याच वेळात आजोबांचे तीन वडे संपले, रस्सा उरला, आणि त्यांच्याकडे कोणी फिरकेना.

"रस्सो रवलो आणि वडो नाय," बाबा पुटपुटले. "ह्या बरा न्हय."

"अहो, बसा," आई म्हणाली.

पण बाबा उठले होते. टेबलावरचा कापडी रुमाल त्यांनी झटकला आणि खांद्यावर टाकला. तो रुमाल खांद्यावर पडलेला बघितला आणि मी ओळखलं, आता पंगत बसणार.

बाबांनी वड्यांचं भांडं उचललं. टोपीवाला माणूस "साहेब, साहेब" करत राहिला. आजोबांना दोन वडे पडले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली, त्यांना पडले. "अहो नको, आम्ही घेतलंय," त्या म्हणाल्या. (पहिलं!) "नको हो काका." (दुसरं!) "खरंच नको." (तिसरं!) आणि चौथ्याच्या जागी वडा. त्यांचा मुलगा म्हणे घरी नूडल्सशिवाय काही खात नाही. "खा रे झिला, तुझ्या वयात मी धा खाय होतंय," असं म्हणत बाबांनी त्याला चार वडे खायला लावले. ती माऊली मोबाइल काढून त्याचे फोटो घ्यायला लागली!

मग चहूकडून हाका सुरू झाल्या. "काका, इकडे!" "काका, रस्सा आणा ना!" "ओ काका, आमची ओळ राहिली!" रांग मोडली. ताट घेऊन उभी असलेली माणसं पटापट खुर्च्यांवर जाऊन बसली. आई तरी शांत बसेल असं मला वाटलं होतं. वळून बघते तो आई सोलकढीचा जग घेऊन खिडकीकडच्या टेबलाला पोचलेली! मी मधोमध उभी, आणि माझ्या भोवती ते एवढं मोठं हॉटेल बघता बघता आमच्या वाडीतला मांडव झालं होतं.

मॅनेजर धावत आले. टाय घातलेले, घाम फुटलेले.

"अहो काका! तुम्ही स्टाफ आहात का?"

"न्हय. मी गिराईक."

"मग बसा ना!"

"बसतंय. ही वळ झाली काय बसतंय."

"अहो भांडी रिकामी होताहेत! बाहेर लोक थांबलेत!"

"भायर किती पानां आसत?" बाबांनी अगदी मनापासून विचारलं. "भात अजून लावक सांगा. वडे कमी पडतले."

मॅनेजरनी वड्यांच्या भांड्याचा एक कान धरला. बाबांनी दुसरा सोडला नाही.  शेवटी बाबांनीच सोडला, कारण भांडं रिकामं झालं होतं.

"बुफे बंद!" मॅनेजर ओरडले. "साडेतीन वाजले. झाकणं लावा."

टोपीवाल्याने झाकणं लावायला सुरुवात केली. बाबा खांद्यावरच्या रुमालाला हात पुसत उभे होते. दालनातला प्रत्येक माणूस जेवला होता. फक्त बाबा, आई आणि मी जेवलो नव्हतो. वाढपी शेवटी जेवतो ही आमच्याकडची रीत आहे. पण त्याच्यासाठी राखून ठेवायचं, हीही रीतच आहे. ती त्या हॉटेलला कोण सांगणार?



"थांबा!" कोणीतरी ओरडलं. आवाज एवढा मोठा होता की मीही वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मीच ओरडले होते! "झाकण लावायचं नाही! वाढप्यांची पानं राहिलीत!"

"मॅडम, बंद म्हणजे बंद..."

"तुम्ही पाटी लावली आहे ना, हवं तेवढं? मग अजून आम्हाला हवं आहे." मी सरळ टेबलाच्या पलीकडे गेले, टोपीवाल्याच्या हातातला डाव घेतला आणि झाकणं उघडली. भात घेतला. सुरमईचे तुकडे घेतले, डोक्याकडचे नव्हेत, मधले. कोळंबी तळापासून ढवळून घेतली. "आत सांगा, दहा वडे. गरम. आणि कांदा चिरून."

मॅनेजरनी मदतीसाठी दालनाकडे बघितलं. सांगलीच्या आजोबांनी टेबलावर चमचा आपटला. "त्या पोरीला वडे द्या हो!" मग सगळेच आपटायला लागले. आतून दहा वडे आले. मोजून बघितले तर बारा होते!

मी बाबांना आणि आईला बसवलं आणि वाढलं. बाबा "पुरे" म्हणाले, मी वाढलं. "नको" म्हणाले, वाढलं. "नको गो, खरांच" म्हणाले, तेव्हा मी सुरमईचा आणखी एक तुकडा टाकला आणि म्हणाले, "माणूस पोटाबद्दल चुकू शकतो." मग माझं ताट मी स्वतःच भरलं, दोनदा, आणि कोणीही आग्रह न करता संपवलं. बुफेत मजा येते का असं मला विचाराल, तर येते. फक्त आधी थोडं भांडावं लागतं.

बाबा जेवताना बोलत नाहीत. पण त्या दिवशी वडा मोडता मोडता ते आईला म्हणाले, "हिका खंय कोण उपाशी ठेयता? उद्या जावन नाव घाल म्हणान सांग हिका."

तेवढ्यात दिनूदादा फोन संपवून आत आला. "काय, सुरुवात केली की नाही अजून?" त्याने विचारलं. त्याला पापड मिळाला.

पंधरा दिवसांनी मी घाट चढून कोल्हापूरला राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या मेसमध्ये शिरले ती छाती पुढे काढून. ताट उचललं, कोणाला पुढे घातलं नाही, सरळ भाजीच्या पातेल्यापाशी गेले आणि डाव हातात घेतला.

"आगं ए पोरी!" मेसच्या मावशी ओरडल्या. "भांड्यात हात काय घालतीस? बस की जाग्यावर. हितं आम्ही वाढतोय!"

वळून बघितलं तर सगळ्या मुली बाकांवर ओळीने शांत बसल्या होत्या, पंगतीला बसावं तशा. जवळच्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीच्या कानाशी लागली, पण मला नीट ऐकू आलं. "किती हावरट आहे गं ही!"

मी तशीच बाहेर आले आणि बाबांना फोन करून ही आनंदाची बातमी कळवली.