ऐनूंचा धडा

मी कडक बाई होते आणि मला त्याचा अभिमान होता. शिंदखेड्याजवळच्या एका गावात, मुलींच्या शाळेत माझा एक नियम होता: वर्गात अहिराणी बोलेल ती उन्हात उभी राहील. माझ्या माहेरीही अहिराणीच, पण ट्रेनिंग करून आल्यापासून मी ती उंबऱ्याबाहेर येऊ दिली नव्हती.

पाचवीत एका शेतकऱ्याची मुलगी होती. हुशार, पण शुद्ध बोलायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची. तिच्या वडिलांनी मला सरळ सांगितलं होतं, "बाई, औंदा पास व्हयनी तं शिकाडसू, नई तं लगीन."

तेव्हा जपानचा भूगोल चालला होता. एका मासिकात ऐनू लोकांविषयी वाचलेलं मी रंगवून सांगू लागले. जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरचे हे मूळचे लोक, नदीतले मासे धरणारे. त्यांच्या भाषेला लिपी नाही. लांबच लांब गाणी म्हाताऱ्यांना तोंडपाठ. बायका ओठांभोवती गोंदून घेतात म्हटल्यावर पोरी खुलल्या, कारण त्यांच्या आयांच्या हनुवटीवर गोंदण होतंच. मग मी हळहळून म्हणाले, "बिचाऱ्यांच्या मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलू देत नाहीत."

ती मुलगी पटकन बोलली, "त्यास्नी बाई बी पोरीस्ले उन्हमा उभं करस का?"

टोमणा मारायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, "हो, करते," एवढंच म्हणाले. तिला काही उन्हात पाठवलं नाही.

आठवड्याने शाळा तपासणारे डिपोटीसाहेब वार्षिक तोंडी परीक्षा घ्यायला आले. त्यांनी तिलाच विचारलं, "जपानच्या उत्तरेला कोण राहतं?" ती माझ्याकडे बघत गप्प उभी. साहेबांची पेन्सिल कागदावर टेकली.

"घरी बोलतेस तसं सांग," मी म्हणाले.

"साहेब, तठे ऐनू लोके शेतस. त्यास्नी बोली न्यारी शे..." ती जी सुटली, ती थांबेचना.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, ही कुठली भाषा?"

"माझ्या आईची. आणि उत्तर बरोबर आहे."

ती पास झाली. माझ्या नावापुढे 'शिस्त ढिली' असा शेरा पडला, तो मी खुशाल घेतला. पण त्याआधी उत्तर येत असूनही माझ्या धाकाने गप्प राहिलेल्या, नापास होऊन बोहल्यावर चढलेल्या पोरी किती, हे मला कुणीच विचारलं नाही. सात होत्या.