मालनमावशींचा कॉम्प्युटर आता लगेच सुरू होतो

सनी चहा बशीत ओतून प्यायचा. निवेपर्यंत थांबायला नको म्हणून. हेल्मेट घालायच्या आधी गाडी सुरू करायचा. कुणाच्याही घरी गेला की कॉम्प्युटरचं बटण आधी दाबायचा, चपला मग काढायचा. स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं की टेबलावर बोटं वाजवायचा. मला कवी म्हणायचा. मी एकही कविता लिहिलेली नाही. मराठीत एम. ए. केलंय, एवढंच.

द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. लोक म्हणायचे, मशीन म्हातारं झालं, सुरूच होत नाही लवकर. सनी म्हणायचा, "म्हातारं नाही झालं. उठल्या उठल्या सगळे त्याच्या अंगावर येतात." मग तो स्टार्टअपची यादी उघडायचा. कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम एकेक करून बंद करायचा. पण ज्याचं मशीन त्याला विचारल्याशिवाय एकही नाही.

त्याच्या आईचं, मालनमावशींचं, देवळाली कॅम्पला झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही भरून देतात. त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं.

"गावाची मशीनं पळवतोस," मावशी म्हणायच्या. "घरचं तेवढं रांगतंय."

"घरच्यांचं फुकट असतं मम्मी. फुकटवाल्यांनी लाइनीत थांबायचं."

एका रविवारी सकाळी तो बसला एकदाचा. मी शेजारी बसलो होतो. प्रिंटरचा प्रोग्राम गेला, व्हिडिओ कॉलचा गेला, कुणी टाकला ते कुणालाच आठवत नव्हतं असा एक गेम गेला. शेवटी बुद्धवंदना राहिली.

मावशींचं दुकान वंदनेशिवाय उघडत नाही. कॉलनीच्या विहारात बुद्धपौर्णिमेला सगळ्यांनी म्हटलेली वंदना सनीनं फोनवर रेकॉर्ड केली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपोआप लागेल, असं त्यानंच करून दिलं होतं. मावशी हात जोडून उभ्या राहायच्या. त्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे एका सुरात आहेत. सनी अर्धा शब्द पुढे आहे.

"हिला हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या.

"काढत नाही गं. आधी मशीन नीट उठू दे, मग जरा थांबून वंदना लागेल, असं करतो. तोवर तू झाडून घे."

"मी झाडून झाल्यावर बटण दाबते."

"म्हणून गिऱ्हाईक पळतं."

नव्यानं लावायची म्हणून त्यानं आधी वंदना बंद केली. तेवढ्यात फोन वाजला. सिन्नरच्या एका कारखान्यात ऑफिसचे कॉम्प्युटर अडले होते.

"आलोच दुपारपर्यंत. कवी, तू हात लावू नकोस. तू स्वल्पविराम शोधत बसशील."

आधी गाडी सुरू केली. मग हेल्मेट घातलं.

सिन्नरच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला धडक दिली. संध्याकाळी मला फोन आला. मी "बरं" म्हणालो. समोरच्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "बरं" म्हणालो.

सनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मावशींनी दुकान उघडलं. मी बरोबर गेलो. त्यांनी झाडून घेतलं, बटण दाबलं, हात जोडले. स्क्रीन लगेच उजळली. चक्र दिसलंसुद्धा नाही. आवाज आला नाही. मावशी तशाच उभ्या होत्या. एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आल्या. मावशींनी जोडलेले हात सोडले आणि कार्ड घेतलं.

त्या बाई गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, यादीत जाऊन वंदना पुन्हा सुरू करता येते. मला येतं तेवढं."

"मशीन उठल्यावर लागेल, असं करणार होता तो. तसं येतं तुला?"

"नाही."

"मग राहू दे. तो करणार होता."

आता गिऱ्हाईक समोर जात नाही. मावशी रोज बटण दाबून हात जोडतात. यादीत वंदनेपुढे अजून 'बंद' लिहिलेलं आहे.